रक्तवाहिनीत शिरलेला मेकॅनिक: चार्ल्स डॉटर आणि अँजिओग्राफीची गोष्ट

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेत एक चक्कर मारा. हॉस्पिटलांच्या पाट्यांवर अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, कॅथलॅब हे शब्द दिसतातच. घरात कोणाला 'अँजिओ' सांगितली की आपण लगेच धरून चालतो की हार्टचा प्रॉब्लेम आहे. पण तीच बारीक नळी, तोच एक्स-रे आणि तोच डाय वापरून किडनीची अरुंद झालेली धमनी उघडता येते. डायलिसिसचा बंद पडत आलेला फिश्चुला चालू करता येतो. मूत्राशयातून थांबत नसलेला रक्तस्राव आतूनच बंद करता येतो. कधीकधी कापावा लागणारा पायही वाचतो. आणि हे सगळं जांघेत किंवा मनगटाजवळ पाडलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रातून.

ही सगळी कामं ज्या एका कल्पनेवर उभी आहेत, ती कल्पना चार्ल्स डॉटर या अमेरिकन रेडिओलॉजिस्टची. मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. म्हणून माझ्या भाषेत सांगतो: डॉटरच्या आधी डॉक्टरांकडे रक्तवाहिन्यांचा फक्त 'रीड ॲक्सेस' होता. आत काय बिघडलंय ते दिसायचं, पण दुरुस्त करायला पोट किंवा पाय उघडावाच लागायचा. डॉटरने त्याच नळीतून 'राइट ॲक्सेस' मिळवला.

आधी नुसतं बघायचं होतं

एक्स-रे १८९५ मध्ये सापडला, पण त्यात हाडं दिसतात, रक्तवाहिन्या नाही. रक्त आणि आजूबाजूचं मांस एक्स-रेला जवळपास सारखंच दिसतं. म्हणून रक्तात आयोडीनयुक्त डाय सोडायची युक्ती निघाली. आयोडीन एक्स-रे अडवतं, त्यामुळे डाय जिथे जिथे जाईल तिथली वाहिनी फोटोत उमटते. अँजिओग्राफी म्हणजे मुळात एवढंच.

किडनीच्या बाबतीत पहिलं मोठं पाऊल १९२९ मध्ये लिस्बनला पडलं. रेनाल्दो दोस सांतोस या सर्जनने रुग्णाच्या पाठीतून लांब सुई थेट महाधमनीत घालून डाय सोडला आणि पोटातल्या वाहिन्या फोटोत आणल्या. काम झालं, पण पाठीतून महाधमनीत सुई, ही काही रोज करण्यासारखी गोष्ट नव्हती.

१९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगरने फार साधा उपाय दिला. जांघेतल्या धमनीत सुई घाला. सुईतून लवचिक तार आत सरकवा. सुई काढून घ्या, तार राहू द्या. तारेवरून नळी आत ढकला. मग तार काढा. झालं, मोठा छेद न देता कॅथेटर आत. आजही जगभरात हीच पद्धत वापरतात.

आता रस्ता डोळ्यासमोर आणा. समजा महाधमनी म्हणजे आपला वर्धा रोड, आणि रक्ताचं ट्रॅफिक सीताबर्डीकडून बुटीबोरीकडे चाललंय. कॅथेटर मात्र बुटीबोरीकडून उलटा, राँग साइडने वर येतो. वाटेत डाव्या-उजव्या हाताला दोन मोठे रस्ते फुटतात, त्या दोन किडन्यांच्या धमन्या. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा याच दोन रस्त्यांवर वळतो.

यंत्रात रमणारा डॉक्टर

चार्ल्स थिओडोर डॉटरचा जन्म १४ जून १९२० रोजी बोस्टनला झाला. ड्यूक विद्यापीठातून पदवी आणि कॉर्नेलमधून डॉक्टरकी. तिथेच नर्स असलेल्या पामेलाशी ओळख झाली आणि पुढे लग्नही. यंत्रांचं वेड त्याला पहिल्यापासून. रेडिओलॉजीत आल्यावर त्याने एकामागोमाग एक झटपट एक्स-रे घेता यावेत म्हणून रोल-फिल्मची यंत्रणा बनवली. डाय काही सेकंदांत वाहून जातो. फोटो त्या वेगाने निघाले नाहीत तर सगळी मेहनत वाया.

१९५२ मध्ये, जेमतेम बत्तीस वर्षांचा असताना, तो पोर्टलंडला ऑरेगन विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये रेडिओलॉजीचा विभागप्रमुख झाला आणि शेवटपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षं, त्याच खुर्चीवर राहिला. त्या काळी रेडिओलॉजिस्टचं काम ठरलेलं होतं: फोटो काढा, रिपोर्ट लिहा, सर्जनकडे पाठवा. पुढचं सगळं सर्जन बघणार. ही वाटणी डॉटरला कधी पटलीच नाही.

किडनी बघायला गेला आणि पायाचा रस्ता उघडला

१९६३ मध्ये त्याच्यासमोर एक रुग्ण होता. किडनीची धमनी अरुंद झालेली. ती नीट दिसावी म्हणून जांघेतून कॅथेटर वर महाधमनीत न्यायचा होता. वाटेत उजव्या बाजूची श्रोणीतली मोठी धमनी पूर्ण बंद होती, पण कॅथेटर त्या अडथळ्यातून पार झाला. डॉटर किडनीचे फोटो घ्यायला निघाला होता आणि जाता जाता त्याच्या हातून बंद धमनी उघडली गेली.

दुसरा कोणी असता तर रिपोर्टमध्ये एक ओळ लिहून विसरला असता. डॉटरला मात्र त्यात पद्धत दिसली. अडथळ्यातून नळी पार जाऊ शकते, तर हेच मुद्दाम का करू नये? त्याच वर्षी जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी इथल्या परिषदेत त्याने ही कल्पना मांडली: कॅथेटर हे उपचाराचंही हत्यार होईल, आणि काही ठिकाणी सर्जनच्या सुरीची जागा घेईल. ऐकणाऱ्यांत योसेफ रोश नावाचा एक चेक रेडिओलॉजिस्ट होता. काही वर्षांनी तो पोर्टलंडला येऊन डॉटरसोबत काम करू लागला.

गिटारची तार आणि ब्लो टॉर्च

कल्पना होती, पण हार्डवेअर कुठे होतं? बाजारात असे कॅथेटर मिळतच नव्हते. मग डॉटरने जे हाताशी आलं ते वापरून पाहिलं: गिटारच्या तारा, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल, टेफ्लॉनच्या नळ्या. तार इतकी मऊ हवी की धमनीची भिंत फाटणार नाही, आणि इतकी ताठ हवी की बाहेरून ढकलली तर आतलं टोक पुढे सरकेल.

१९६३ च्याच शेवटी शिकागोला रेडिओलॉजिस्टांचं मोठं अधिवेशन भरलं. तिथे बिल कुक नावाचा एक तरुण छोट्याशा स्टॉलवर ब्लो टॉर्चने नळ्या तापवून कॅथेटर बनवून दाखवत होता. त्याची कंपनी इंडियानातल्या त्याच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये नुकतीच सुरू झाली होती. डॉटरने त्याच्याकडून ब्लो टॉर्च आणि टेफ्लॉनची नळी उसनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा तयार कॅथेटर आणून दिले. कुकने ते विकूनही टाकले. दोघांची जोडी जमली ती कायमची, आणि कुकची ती बेडरूम-कंपनी पुढे वैद्यकीय उपकरणांतली जगातली मोठी कंपनी झाली. आपण ज्याला प्रोटोटाइप म्हणतो ते हेच: एका रात्रीत, मागून आणलेल्या अवजारांनी, पण दुसऱ्या दिवशी वापरता येईल असं.

१६ जानेवारी १९६४

८२ वर्षांच्या एक आजी पोर्टलंडच्या हॉस्पिटलमध्ये होत्या. मांडीतली धमनी एका ठिकाणी अगदी अरुंद झालेली, पावलात गँगरीन सुरू झालेलं, वेदना सहन होत नव्हत्या. पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांचं मत होतं. आजींनी साफ नकार दिला. सर्जनकडे दुसरा उपाय नव्हता, म्हणून त्यांना डॉटरकडे पाठवलं.

डॉटर आणि त्याचा सहकारी मेल्विन जुडकिन्स यांनी अरुंद जागेतून तार पार केली. तारेवरून एक बारीक टेफ्लॉन कॅथेटर सरकवला, आणि त्यावरून आणखी जाड. थंड पडलेला पाय काही मिनिटांत गरम झाला. आठवड्याभरात वेदना गेली आणि जखम भरू लागली. आजी पुढे सुमारे अडीच वर्षं जगल्या आणि न्यूमोनियाने गेल्या. तोवर ती धमनी उघडीच होती आणि त्या स्वतःच्या दोन पायांवर चालत होत्या. जगातली ही पहिली ठरवून केलेली अँजिओप्लास्टी. हृदयावर नाही, पायावर.

घरचे हसले, बाहेरच्यांनी नाव दिलं

नोव्हेंबर १९६४ मध्ये डॉटर आणि जुडकिन्स यांचा पेपर आला. तुम्हाला वाटेल, सगळीकडे धूम झाली असेल. उलट झालं. अमेरिकेतल्या बऱ्याच सर्जनांना हा माणूस विक्षिप्त वाटला. 'लाइफ' मासिकात त्याच्या ऑपरेशनचे फोटो छापून आले, तर त्यातले डोळे वटारलेले चेहरे बघून लोकांनी त्याला वेडा चार्ली ठरवलं. एका सर्जनने तर अँजिओग्राफीच्या फॉर्मवरच बजावलं होतं की फक्त बघा, दुरुस्तीला हात लावू नका. रीड-ओन्ली परवानगीचा याहून ठळक नमुना मला माहीत नाही.

डॉटर स्वतःला बिनधास्त प्लंबर म्हणवायचा. पाइप आणि पाना यांचं चित्र त्याने आपलं चिन्ह केलं होतं. हे चिन्ह सर्जनांना अजूनच झोंबलं असणार.

युरोपात मात्र त्याला ऐकणारे भेटले. जर्मनीतल्या एबरहार्ट झाइटलरने ही पद्धत उचलली आणि चालवली. डच भाषेत आजही अँजिओप्लास्टीला 'डॉटरेन' म्हणतात, म्हणजे त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. 'गूगल कर' म्हणतो ना आपण, तसं. झाइटलरकडून हे तंत्र आंद्रेआस ग्रुंटझिग शिकला. जाड नळी ढकलण्याऐवजी टोकावरचा छोटा फुगा फुगवायचा, ही त्याची सुधारणा. १९७४ मध्ये त्याने तो फुगा पायाच्या धमनीत वापरला, १९७७ मध्ये हृदयाच्या आणि लगेच किडनीच्याही. १९६३ मध्ये जी किडनीची धमनी नुसती बघायची होती, तशी धमनी पंधरा वर्षांच्या आत फुग्याने उघडता येऊ लागली.

डॉटर थांबला नव्हता. उघडलेली धमनी पुन्हा मिटू नये म्हणून १९६९ मध्ये त्याने कुत्र्यांच्या पायाच्या धमन्यांत तारेची स्प्रिंग बसवून पाहिली. आजच्या स्टेंटचा हा पूर्वज. १९८३ मध्ये त्याने निटिनॉलची स्प्रिंग वापरली. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू गरम झाला की आपला जुना आकार आठवतो. म्हणजे सरळ करून आत न्या, आत पोचल्यावर ती आपोआप गुंडाळी होते. आणि उलटं कामही त्याने केलं: १९७२ मध्ये रोश आणि डॉटर यांनी पोटातला रक्तस्राव कॅथेटरमधून रक्ताची गुठळी सोडून थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. यालाच एम्बोलायझेशन म्हणतात. बंद रस्ता उघडायचा आणि फुटलेला रस्ता बंद करायचा, दोन्ही एकाच नळीतून.

आज किडनी आणि मूत्राशयासाठी याचा उपयोग

पहिला: ब्लड प्रेशर. किडनीची धमनी अरुंद झाली की किडनीला कमी रक्त पोचतं. तिला वाटतं, अख्ख्या शरीराचं प्रेशर पडलंय. मग ती रेनिन सोडते आणि प्रेशर वाढतं. एका सेन्सरने चुकीचं रीडिंग दिलं आणि सगळी सिस्टीम त्यावर विसंबून राहिली, तसा हा प्रकार. तरुण वयात, विशेषतः बायकांमध्ये, धमनीची भिंतच वेडीवाकडी वाढल्यामुळे असं झालं असेल तर फुग्याने चांगला फरक पडतो.

दुसरा: रक्तस्राव. अपघातात किडनीला मार लागला, किंवा बायोप्सीनंतर आतून रक्त थांबत नसेल, तर नेमक्या त्या बारीक फांदीत धातूची कॉइल सोडून तेवढीच फांदी बंद करतात. बाकीची किडनी वाचते. मूत्राशयाचंही तसंच. कॅन्सर किंवा रेडिएशननंतर लघवीतून रक्त थांबेनासं झालं की मूत्राशयाला रक्त देणारी फांदी शोधून ती बंद करता येते. मूत्राशय आतून बघायचं असेल तर मात्र दुर्बीण लागते, ते काम अँजिओग्राफीचं नाही. २०१० नंतर वाढलेल्या प्रोस्टेटवरही हाच उपाय काही ठिकाणी करू लागलेत: त्याचा रक्तपुरवठा कमी करायचा, म्हणजे तो आक्रसतो.

तिसरा: डायलिसिसचा फिश्चुला. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली ती जागा अरुंद झाली की डायलिसिस अडतं. फुग्याने ती उघडली की पुन्हा नवी जागा शोधायची वेळ लांबते.

फोटोही आता फिल्मवर निघत नाहीत. डाय सोडण्याआधी एक फ्रेम घेतात, सोडल्यावर दुसऱ्या घेतात, आणि कॉम्प्युटर पिक्सेल-पिक्सेलने पहिली फ्रेम दुसरीतून वजा करतो. हाडं, आतडी, सगळं उडतं. उरतात फक्त वाहिन्या. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल: हा शरीराचा 'डिफ' आहे. रुग्ण मध्येच हलला की डिफ बिघडतो, म्हणून श्वास रोखायला सांगतात.

करता येतं म्हणून करायचं का?

राइट ॲक्सेस मिळाला की बटण दाबायचा मोह होतो. किडनीच्या बाबतीत तेच झालं. वयस्कर लोकांमध्ये चरबी साठून धमनी अरुंद झालेली दिसली की स्टेंट टाकायचा, असा प्रघात पडत गेला. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २००९ मध्ये 'ॲस्ट्रल' चाचणीत ८०६ रुग्ण होते, २०१४ मध्ये 'कोरल' चाचणीत ९४७. दोन्हींचा निष्कर्ष जवळपास एकच निघाला: अशा बहुतेक रुग्णांना नीट औषधांच्या जोडीला स्टेंट टाकून वेगळा फायदा होत नाही. काही निवडक रुग्णांना अजूनही तो लागतो, पण फोटोत अरुंद दिसतंय एवढं कारण पुरेसं नाही.

डायचीही एक बाजू आहे. ज्या किडनीची तपासणी करायची, तिलाच तो डाय बाहेर टाकायचा असतो. किडनी आधीच कमजोर असेल तर त्रास वाढू शकतो. म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात, पाणी किंवा सलाईन देतात, डाय कमीत कमी वापरतात, काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. घरात कोणाची अँजिओ ठरली असेल तर चार गोष्टी डॉक्टरांना नक्की विचारा: क्रिएटिनिन किती आहे, डायची ॲलर्जी आधी कधी झाली होती का हे कसं तपासणार, शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय करायचं, आणि फक्त बघणार आहात की त्याच वेळी दुरुस्तही करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सही करायच्या आधी मिळायला हवं.

शेवटची वर्षं

डॉटरला डोंगर चढायचं वेड होतं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची १४,००० फुटांहून उंच अशी सगळी ६७ शिखरं त्याने पायाखाली घातली. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं, यावरून अंदाज घ्या. आणि हे सगळं धडधाकट शरीराच्या जोरावर नाही. १९६९ मध्ये त्याला हॉजकिन्स, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाल्याचं कळलं. रेडिएशन घ्यावं लागलं, पुढे हृदयाची शस्त्रक्रियाही झाली. विभाग त्याने तरी सोडला नाही.

१९७८ मध्ये त्याचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं. पारितोषिक मिळालं नाही. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी तो गेला, वय ६४. त्याच वर्षी जुडकिन्स गेला आणि ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात ग्रुंटझिगही. १९९० मध्ये पोर्टलंडला डॉटरच्या नावाची संस्था सुरू झाली, आणि तिची धुरा सांभाळली कार्लोव्ही व्हारीला त्याचं भाषण ऐकणाऱ्या रोशने.

आज ज्या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात, तिचा जनक म्हणून डॉटरचं नाव घेतात. आपल्याकडे हे नाव फारसं ओळखीचं नाही. म्हणून पुढच्या वेळी घरात कोणाला किडनीसाठी किंवा पायासाठी मोठी शस्त्रक्रिया सांगितली, तर एवढं विचारून बघा: हे आतून, नळीने होण्यासारखं आहे का? कधी उत्तर हो येईल, कधी नाही. १९६४ मध्ये त्या आजी नाही म्हणाल्या नसत्या, तर हा प्रश्न विचारायची सोय कदाचित आणखी बऱ्याच वर्षांनी झाली असती.